भिजलेल्या पेंढ्याचं वर्ष

त्या वर्षी दिवाळी आली तरी पाऊस हलेना. आमचं भात कापून शेतात पडलं होतं. चार दिवस ते पाण्यात राहिलं आणि लोंब्यांना मोड आले. खाण्यापुरतं भात कसंबसं वाचलं, पण पेंढा काळा पडून कुजला. बैल त्याला तोंड लावेनात.

माझे यजमान तेव्हाच भिवंडीकडच्या एका गोदामात कामाला लागले. शेणवे गावाजवळच्या आमच्या घरी मी, सासरे आणि बैलजोडी. पौषात एका सकाळी सासरे म्हणाले, "चल पोरी, म्हसाच्या जत्रेला. उपाशी मारण्यापरीस इकलेली बरी."

जत्रेत बघतो तर मैदानभर बैलच बैल. सगळ्यांचाच पेंढा कुजलेला, म्हणून सगळेच विकायला आलेले. घेणारं कोण? एका व्यापाऱ्याने बैलांचे दात बघितले आणि असा भाव सांगितला की सासऱ्यांनी कासरा आवळला. "फुकट नाय देत मी," म्हणाले. दोन दिवस थांबलो आणि बैल टेम्पोत चढवून तसेच परत निघालो.

वाटेत डोंगराखालच्या वाडीपाशी टेम्पो पाणी घ्यायला थांबला. उन्हाळ्यात आमच्या दारी करवंदं घेऊन येणारी बाई तिथे उभी होती. बैलांच्या फासळ्या बघून ती म्हणाली, "माझ्याकडं गवत हाय. डोंगरावर उभंच व्हतं, पाऊस गेल्यावर कापलं."

"किती घेशील?" सासऱ्यांनी विचारलं.

"पैसं नको. माझ्या पोरानं बैलं इकली न् ईटभट्टीवर गेला. आवणीच्या टायमाला माझं शेत आदी नांगरून दे. तुझं मागनं."

आजवर वाडीतली माणसं आमच्या ओट्यावर काम मागायला यायची. मला कुठे बघावं कळेना. शेवटी सासरे खाली उतरले आणि स्वतः भारे उचलू लागले.

आषाढात त्यांनी आधी तिचं शेत नांगरलं. गावात लोक हसले. आमची आवणी, म्हणजे भाताची लावणी, आठवडाभर लांबली. यजमान चार दिवस येऊन राबले आणि परत गोदामात गेले. "ते आता सुटायचं नाय," एवढंच म्हणाले.

जोडी अजून आमच्याकडेच आहे. पाऊस सरला की मी वाडीत जाते आणि त्या बाईबरोबर डोंगरावरचं गवत कापते. तिचा विळा माझ्यापेक्षा भरभर चालतो. मी मागे पडले की ती वरून हाक मारते, "ये गो, ऊन चढतंय."