गळालेलं नाव

मेश्राम सर कोड तपासायला बसले की आधी पडद्यावर बोट ठेवत आणि विचारत, "हे यादी अजून कोणाच्या हाती हाये गा?" प्रताप नगरातल्या आमच्या छोट्या कंपनीत मी नवा होतो. मला तो प्रश्न विचित्र वाटे.

यादी तयार होईपर्यंत तिच्यात हवं ते घाला, काढा. पण प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाला दिली की ती कोणालाही बदलता येता कामा नये, हा त्यांचा नियम. "बनवतानी बदलव, देतानी गोठव," म्हणायचे. "बदल पाहिजे असन तं नवी यादी बनव."

एकदा मी चिडलो. "सर, दर वेळी नवी यादी केली की प्रोग्रॅम हळू चालतो. एक नाव काढायला एवढं कशाला?"

ते खुर्चीत मागे टेकले. "एकच नाव काढलं होतं मी."

पूर्वी त्यांनी एका डायलिसिस केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. त्या त्या दिवशी न आलेल्यांची नावं हजेरीच्या पडद्यावर दिसू नयेत म्हणून ती यादीतून गाळली जात. पण ज्या पडद्यावर बघून रुग्णांना फोन करून बोलावत, तोही तीच यादी वापरत होता. इतवारीतली एक बाई एक दिवस आली नाही आणि तिचं नाव तिथूनही गेलं. नवऱ्याने चौकशी केली, तर उत्तर मिळालं, "नाव आलं की कळवू." तिसऱ्या दिवशी बाई गेली.

"तुमच्यामुळेच गेली, असं कसं म्हणता येईल?" मी म्हणालो.

"डॉक्टर बी तेच म्हणे. पण ते ओळ मी लिहिली होती. जेवतानी बी दिसते मले."

मी माझा कोड बदलला. त्यानंतर लक्षात आलं, पडद्यावर कुठलीही यादी आली की सर शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवून वाचत. चाचणीसाठी टाकलेली खोटी नावंसुद्धा.

गेल्या वर्षी सर गेले. नंदनवनातल्या त्यांच्या घरासमोर एक म्हातारे गृहस्थ लांब उभे होते. मी खुर्ची दिली, त्यांनी नको म्हटलं. कोण म्हणून विचारलं, तर ते इतवारीतल्या त्या बाईचे पती निघाले.

"सारे कॉम्प्युटरले दोष देऊन राहिले होते," ते म्हणाले. "हा एकटा माणूस माझ्या दुकानात येऊन म्हणाला, चूक माझी हाये. मी हाकलून देलं. मंग दर साली, बायको गेली त्याच दिवशी येऊन दुकानासमोर उभा राहे. मी कधी बोललो नाही."

"माफ केलंत का त्यांना?"

"नाही."

अंत्ययात्रा निघाली तेव्हा मात्र ते गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी सरांना खांदा दिला.