परत न गेलेली साडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. एकदा सांगायला गेले होते, नेरहून वणीपर्यंत एसटीने गेले होते, पण ते सांगणं सांगितल्यात जमा होत नाही. का होत नाही, ते पुढे येईलच.

मी रडणारी बाई नाही. नेरला माझी हळद-तिखट दळायची चक्की आहे. नवरा गेल्यापासून एकटी चालवते. पट्टा तुटला तर बदलते, गिऱ्हाईक उधारीवर आलं तर तोंडावर नाही म्हणते. विहारातल्या आमच्या महिला मंडळात कुणाला मोबाइलवरून काही मागवायचं असलं की माझ्याकडे येतात. कंपनीशी भांडायचं असलं तरी माझ्याकडेच. मला ते आवडायचं—आता खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायला मंडळाच्या सगळ्यांनी सारख्या साड्या घ्यायचं ठरवलं. पांढऱ्या, बारीक निळ्या काठाच्या. दुकानात भाव परवडेना, म्हणून मी ऑनलाइन शोधल्या. सगळ्या एकदम घेतल्या तर चांगली सूट होती. अट एकच—त्यातली एक जरी परत केली तर बाकीच्यांवरची सूटही काढून घेणार, वर परतीचा आकार कापणार. माल मुळात खराब आला असेल आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल, तरच काही कापणार नाहीत. मी ही अट विहारात मोठ्याने वाचून दाखवली. बायकांना दमही दिला—हात धुतल्याशिवाय कुणी साडीला हात लावायचा नाही.

पार्सल माझ्या घरी आलं. मी हात धुतले, शेजारणीला मोबाइल धरायला लावला, एकेक साडी उलगडून दाखवली. सगळ्या स्वच्छ. शेजारीण गेली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक हळकुंडं घेऊन आलं. ती दळून दिली आणि परत घरात आले. माझी साडी वर होती. पदर कसा पडतो ते बघावं म्हणून उचलली.

अंगठा. पिवळा, पूर्ण अंगठा, रेषांसकट, पदरावर.

माझी साडी, माझा अंगठा. ठेवून घ्यायची होती. एवढंच करायचं होतं! हळदीचा धंदा माझा—साबण लावला की डाग लाल होतो आणि नुसती उन्हात टाकली की उडून जातो, हे मला ठाऊक नव्हतं का? पण वाटप त्याच संध्याकाळी होतं. आणि ज्या बाईने सगळ्यांना हात धुवायला सांगितलं, तिच्याच पदरावर हळद? मी कंपनीला फोन लावून पाहिला. पलीकडची मुलगी म्हणाली, डाग आमच्याकडून आलेला नाही ना मॅडम, मग परत घेऊ, पण आकार कापू आणि सूटही जाईल. म्हणजे माझ्या अंगठ्यापायी सगळ्याजणींनी भरायचं. ते मी कुणाला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मग मी काय केलं, ते सरळ लिहिते. ती साडी नीट घडी करून, वाटपासाठी वच्छलाबाईचं नाव घातलेल्या पिशवीत घातली आणि तिची मी घेतली.

वच्छलाबाईच्याच का? हे मी विचार करून ठरवलं होतं. हात चुकून पडला नाही. ती मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. रोज हळदीत हात. डाग तिच्याकडे निघाला तर कुणी दुसरीकडे बघणार नाही, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. माझ्याहून मोठी बाई, विधवा, मुलगा वणीला कोळशाच्या खाणीत, ही इथे एकटी राहायची. माझ्या बाळंतपणात माझ्यासाठी डिंकाचे लाडू तिनेच केले होते.

दुसऱ्या दिवशी ती साडी घेऊन विहारात आली. बायका जमल्या होत्या.

"नंदा, हे पाह्य वं. हे असंच आलं. परत धाडून दे."

लगेच गलका झाला. "परत धाडली तं आमची सूट जाते ना! एकीच्यापायी आम्ही कायले भरायचं?" दुसरी हसत म्हणाली, "वच्छलाबाई, वरणाले फोडणी देता देता नेसून पाह्यली काय?" सगळ्या हसल्या. वच्छलाबाईही हसली आधी.

"नाही वं माय. रात्री पिशवी खुंटीले टांगली, ते सकाळीच काहाडली."

मी मोबाइल काढला आणि व्हिडिओ दाखवला. एकेक साडी, स्वच्छ. व्हिडिओ खोटा नव्हता—हेच तर त्यातलं वाईट आहे. त्यात माझे हातसुद्धा धुतलेले दिसत होते. कंपनीचा दोष नाही हे सिद्ध झालं, सूट वाचली, तंटा मिटला. मंडळाने माझं कौतुक केलं.

वच्छलाबाई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, मी हात लावलाच नव्हता. तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "नीट आठवून पाहा, वच्छलाबाई. तुमच्या ध्यानात नसेल."

साडी बदलणं ही चोरी होती. पण खरा गुन्हा हे वाक्य आहे. मी तिला ओरडले असते तर ती भांडली असती. मी ओरडले नाही.

चार-आठ दिवसांनी ती चक्कीवर आली. म्हणाली, "माह्याच हातानं झालं असन वं. रात्री उठून पाह्यली असन मी. ध्यान राह्यत नाही आताशा. तुले माह्यापायी तरास झाला, माफ कर मले."

तिने माझी माफी मागितली. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "होतं असं. वय झालं." आणि चक्की सुरू केली, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

दोरीवर वाळत घालून घालून तो डाग उडाला. त्याचीही तिला भीतीच वाटायला लागली. रस्त्यात धरून मला विचारायची, डाग होता ना वं खरंच? की तेही मीच मनानं—? मी म्हणायचे, होता. तेवढं एकच खरं मी तिला दिलं.

त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट विचारायला लागली. कुलूप लावलं का, ते शेजारणीला. मीठ घातलं का, ते वसतिगृहातल्या दुसऱ्या बाईला. एकदा भीतीने दोनदा घातलं, एकदा भीतीने घातलंच नाही. कुणी तिला काढलं नाही. तिने स्वतःच काम सोडलं. "लेकरायचं जेवण आहे, मले माह्या हाताचा भरोसा नाही," म्हणाली. बायका म्हणायच्या, विसरभोळी झाली बिचारी. मी पण मान हलवायचे. मग मुलगा आला आणि तिला वणीला घेऊन गेला.

ती विसरभोळी नव्हती. हे जगात फक्त मला माहीत होतं. पिशवी रात्रभर खुंटीला होती, तिला बरोबर आठवत होतं!

मागच्या हिवाळ्यात मी गेले. झोप उडाली होती, चक्कीवर गिऱ्हाइकाचं सामान अदलाबदल व्हायला लागलं होतं. वाटलं, आता सांगितलं नाही तर मी पण वेडी होईन. म्हणजे बघा, तेव्हाही गेले ते माझ्याचसाठी.

ती खाटेवर बसली होती. गॅसचं बटण सून काढून ठेवते, हे तिने मला आल्या आल्या सांगितलं, तक्रार म्हणून नाही, घरातली सोय सांगावी तसं. सून आत चहा करत होती, मुलगा पुढच्या खोलीत होता. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. अंगठा, पिशवी, व्हिडिओ. एकही गोष्ट सोडली नाही.

तिने माझा हात हातात घेतला.

"नको वं नंदा. माह्यासाठी असं खोटं आपल्या अंगावर नको घेऊ. तू लय चांगली आहेस. माह्याच हातानं झालं ते, मले पक्कं आठवते."

तिला आठवत होतं. रात्री उठले, दिवा लावला, साडी काढली, पदर असा धरला—ती मला करून दाखवत होती. जे घडलंच नाही ते तिला दिसत होतं, कारण मी तिला नीट आठवायला सांगितलं होतं.

मी पुन्हा सांगू शकत होते. दहा वेळा सांगू शकत होते. तिच्या मुलाला हाक मारून सांगू शकत होते, तो भिंतीपलीकडे होता, त्याने ऐकलं असतं, त्याने विश्वास ठेवला असता, उद्यापासून गॅसचं बटण जागेवर बसलं असतं. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. आणि मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. चला, आपण सांगितलं—ती ऐकत नाही तर आपण काय करणार?

सुनेने चहा आणला. मुलगा येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही आल्या तं आईले बरं वाटलं. तिची हालत पाह्यलीच तुम्ही."

मी म्हणाले, "हो. जपा तिला."