वरचं कापलंय

गाणं सुरू होऊन अर्धं मिनिट झालं की ते हेडफोन काढायचे, टेबलावर उलटे ठेवायचे आणि विचारायचे, "झालं?" संडासाच्या दाराबाहेर उभी असलेली आई आतल्या पोराला विचारते ना, अगदी त्या सुरात. ज्यानं मोठ्या हौसेनं गाणं ऐकवायला आणलेलं असायचं त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. तोवर यांनी डबा उघडलेला असायचा आणि आतल्या भेंडीकडेही ते त्याच नजरेनं बघत असायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. ज्याला काहीच आवडत नाही, आणि तरीही त्याला काहीतरी आवडावं म्हणून सगळे धडपडतात, असा.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यात. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी बनतात. वर आम्ही टीव्ही मालिकांचं शूटिंगनंतरचं काम करतो. खोकी जास्त टिकतात. मी सबटायटल लिहिते. ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे, आणि त्यांचं काम म्हणजे प्रत्येक भाग चॅनेलला जाण्याआधी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि आवाजातले दोष काढायचे. स्वभावाला इतकी साजेशी नोकरी मी दुसऱ्या कुणाला मिळालेली पाहिली नाही. "सून रडते तेव्हा मागे फ्रिज गुरगुरतोय," असं ते लिहून पाठवायचे. त्याखाली, कुणी विचारलेलं नसताना, "सुनेपेक्षा फ्रिज खरा वाटतो."

पन्नाशी उलटलेली, राहायला भांडुप, वडील गिरणीतून सुटले ते कोकणात परत न जाता इथेच राहिले, एवढंच त्यांच्याबद्दल आम्हाला माहीत होतं. ऑफिसातली मुलं त्यांना 'अंकल' म्हणायची. त्यांना ते अजिबात आवडायचं नाही, म्हणून जास्तच म्हणायची. मी 'सर' म्हणायचे. मला ते 'अगं' म्हणायचे. एवढ्या वर्षांत माझं नाव त्यांनी घेतल्याचं मला आठवत नाही.

अशा माणसानं एक दिवस आपणहून एक अल्बम आणला.

मुलुंडचा बँड. दोन मुलगे आणि एक मुलगी. एक कीबोर्ड, एक लॅपटॉप आणि त्या मुलीचा किंचित सर्दी झाल्यासारखा आवाज. सगळं तिच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केलेलं. लिफ्टचं दार उघडं राहिलं की आतली बाई 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणत राहते, त्यावर त्यांनी एका गाण्याचा ठेका बांधला होता. मराठीत असलं इलेक्ट्रॉनिक पॉप आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं. ऐकलं असतं तरी आमच्यापैकी निम्म्यांनी ते मराठी आहे म्हणून बंद केलं असतं.

त्यांनी डब्याच्या वेळेला सगळ्यांना मिक्सिंगच्या खोलीत बसवलं आणि चावायचं थांबायला लावलं. चौथ्या गाण्यात एका ठिकाणी बोट वर केलं. "इथे मांजर जातं."

खरंच जात होतं. गळ्यात बारीकशी घंटी असलेलं मांजर खोलीतून गेलं होतं आणि त्या मुलांनी तो आवाज गाण्यात तसाच ठेवला होता. आम्हाला दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं. त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं.

"कसं आहे सर?" मी विचारलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. आमच्या ऑफिसात तो शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. आमचा मिक्सिंग करणारा अमेय तर जागचा उठून उभाच राहिला.

पुढे बँड मोठा झाला. एका कंपनीनं त्यांना उचललं, मोठा स्टुडिओ मिळाला आणि दुसरा अल्बम आला. तो आला आणि जो तो मत द्यायला लागला.

आमच्या ऑफिसात मत नसलेला माणूस नव्हता, ऐकलेला माणूस शोधावा लागत होता. ऑफिस चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, फार प्रीमियम वाटतं. प्रॉडक्शनवाला म्हणाला, जिममध्ये चालेल. अकाउंट्सच्या बाईंनी मुखपृष्ठाच्या रंगाचं कौतुक केलं. अमेय सगळ्यांत वाईट. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच आपल्याच दंडावरचा काटा आम्हाला दाखवायचा. इंटरनेटवर तर लोकांनी शब्द लिहायचंच सोडलं होतं, नुसत्या पेटलेल्या ज्वाळांची चित्रं. आवडलं म्हणजे काय आवडलं, हे एकालाही सांगता येत नव्हतं, आणि न आवडलेल्यांना तर त्याहून कमी. मला विचाराल तर रिक्षात ऐकायला बरा होता.

त्यांनी मात्र लगेच हेडफोन काढले नाहीत. ऐकत राहिले. मग म्हणाले, "वरचं कापलंय."

म्हणजे काय, असं मॅडमनी विचारलं. त्यांनी समजावलं, की आवाजाचा वरचा, बारीक, चकाकता भाग असतो, तो या लोकांनी काढून टाकलाय. ती मुलगी गोधडीत तोंड घालून गातेय असं वाटतं. एवढ्या मोठ्या स्टुडिओत जाऊन हेच करायचं होतं तर बेडरूम काय वाईट होती.

अमेयला हे सहन झालं नाही. त्यानं गाणं मशीनवर टाकलं आणि आवाजाचा आलेख स्क्रीनवर मोठा करून दाखवला. वरचा भाग काठोकाठ भरलेला होता. उलट जरा जास्तच होता. "हे बघा ना अंकल. कुठे कापलंय?"

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाले, पहिला अल्बम लाव, फरक आपोआप कळेल. चौथं गाणं.

अमेयनं लावलं. सगळे उभे होते. ती जागा जवळ आली तसं त्यांनी बोट वर केलं.

मांजर गेलं. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. त्यांचं बोट वरच होतं. ते अजून वाट बघत होते.

कडवं संपलं, पुढचं सुरू झालं, तेव्हा त्यांनी बोट खाली घेतलं आणि ते खिशात घातलं, जणू काही वस्तूच होती ती. "ही प्रत खराब आहे," म्हणाले आणि आपल्या टेबलावर जाऊन बसले. मागे मुलं हसली. अंकलचे कान गेले, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणालं. आमच्याकडची मुलं आवाजाच्या धंद्यात आहेत, पण आपला आवाज कुठवर जातो हे त्यांना कधी कळलेलं नाही.

त्यानंतर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मग एका दुपारी, स्क्रीनवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "अगं, तू घाटकोपरला राहतेस ना? तिथे कान तपासणारा कुणी आहे?"

"भांडुपला असतील की सर."

"भांडुपात नको. तिथे सगळे ओळखतात."

मी घेऊन गेले. एका काचेच्या खोलीत त्यांना बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. काचेतून मला ते दिसत होते. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, बसून ऐकायचं आणि चूक सापडली की बोट हलवायचं. बोट फार वेळ हलतच नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी तपासणाऱ्या मुलीलाच सुनावलं. खोली नीट बनवलेली नाही, आत पंख्याचा आवाज येतो, अशा आवाजात कुणाची कसली तपासणी होणार.

ती मुलगी नवीन होती, पण चांगली होती. हळूच म्हणाली, "काका, आत पंखा नाहीये."

ते मग खुर्चीवर बसले आणि तिला विचारलं, "मग हे काय आहे?"

तिनं सांगितलं. कान जायला लागले की कधी कधी आतूनच तसा आवाज येत राहतो. तो बंद होईलच असं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तिला तोडलं नाही. खाली उतरून आम्ही उसाचा रस प्यायलो. त्याला त्यांनी नावं ठेवली नाहीत, तेव्हा मला खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. मी खिडकीतून बघत होते. मॅडम खूप बोलत होत्या, हातवारे करत होत्या. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडचं ऐकायचं काम गेलेलं होतं. चित्र तपासायचं काम मिळालं होतं. मिशी एका सीनमध्ये डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे तर वळलेली नाही ना, असलं काहीतरी.

महिनाभर ते आवाज बंद करून मालिका बघत होते. "अशा बऱ्या आहेत," ते मला म्हणाले. ऑफिसात या वाक्याला लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यांच्या ड्रॉवरमधले हेडफोन त्यांनी त्या दिवशी अमेयला देऊन टाकले होते.

कानाचं मशीन लावायला ते तयार नव्हते. मग बायकोनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. तिचं म्हणणं होतं, ऐकू येत नसेल तर मी कशाला घसा सुकवू. आठवड्यात मशीन आलं. लावल्यापासून त्यांच्या तक्रारींना ऊत आला. वर्तमानपत्र फार वाजतं. भांडुपच्या कावळ्यांना सूर नाही. "आणि बायकोच्या बांगड्या," ते मला म्हणाले, "एवढी वर्षं ही बाई एवढा आवाज करत होती, आणि मला वाटायचं घर शांत आहे."

मग एक दिवस ते मिक्सिंगच्या खोलीत गेले आणि अमेयला म्हणाले, दुसरा अल्बम लाव. पहिल्या गाण्यापासून.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. सगळे दारात जमले. आता अंकल माफी मागणार, म्हणून आलेले. मला त्या गर्दीचा मनापासून तिटकारा आला, पण मीही तिच्यात होते. ते पूर्ण ऐकत बसले. अर्ध्यावर 'झालं?' नाही, काही नाही. शेवटचं गाणं संपल्यावर मशीन कानात जरा नीट बसवलं.

"वरचं कापलेलं नाही," ते म्हणाले. "माझी चूक."

अमेयचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, संपलं.

"आता सगळं स्वच्छ ऐकू आलं," ते म्हणाले. "आवाज सगळा आहे. गाणं नाही."

अमेय चिडून बाहेर गेला. ते शांत होते. त्याच दिवशी त्यांनी बँडच्या पानावर, दुसऱ्या अल्बमखाली, स्वतःच्या नावानं मत लिहिलं. आधी आपली चूक लिहिली, कान तपासून घेतल्याचं लिहिलं, मग अल्बममधल्या प्रत्येक गाण्याचं काय बिनसलंय ते लिहिलं. कुठे चाल अर्धवट सोडलीय, कुठे शब्द ठेक्यात कोंबलेत, कुठे मुलगी गाते आहे पण तिला काही सांगायचं नाही.

लोक तुटून पडले. म्हाताऱ्या, झोप. कानाचं मशीन बदल. तुझ्या काळातली भजनं ऐक. ज्यांना आजवर ज्वाळेपलीकडे काही लिहिता आलं नव्हतं त्यांना अचानक भाषा फुटली. ते एकेकाला उत्तर देत बसायचे, प्रत्येकाला 'आपण' म्हणून. 'आपण तिसरं गाणं पुन्हा ऐकावं ही विनंती.' शिव्यांना इतकं सभ्य उत्तर मिळालं की माणूस जास्तच पिसाळतो, हे मी तेव्हा पाहिलं.

त्या गदारोळात एक दिवस त्या गायिकेचं उत्तर आलं. दोनच शब्द होते. 'घाई झाली.'

ते मला फोन दाखवायला आले. "बघ," म्हणाले. "एवढ्या लोकांत ऐकणारी एकटीच निघाली, ती पण गाणारी." मी बसा म्हटलं तर बसले नाहीत. "तिसरा अल्बम चांगला करेल ती. सवड घेऊन करेल." कुणाबद्दल तरी त्यांनी आधीच चांगलं बोलून ठेवल्याची ती एकच वेळ.

तिसरा अल्बम अजून आलेला नाही. ते मागच्या श्रावणात गेले. दाढी करता करता कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

ऑफिसातून आम्ही सगळे गेलो होतो. मॅडमनी आवाजाच्या क्षेत्राचं मोठं नुकसान झाल्याचं सांगितलं. अमेय काही बोलला नाही, तेवढं बरं केलं. पुढे एकदा मी एकटीच भांडुपला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा टाकला. शोकेसवर त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि मधूनमधून वाजत होता.

मी बघतेय असं पाहून वहिनी म्हणाल्या, अजून भांडायला येतात लोक. त्या अल्बमखालचं ते मत कुणा ना कुणाच्या नजरेला पडतं आणि मग तो यांना शिव्या घालतो. मुलगा म्हणतो फोन बंद कर. हे गेले असं तिथे लिहून टाकू का, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, नको. भांडू दे त्यांना.

वहिनींना ते पटलं असावं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्यांनी चष्मा शोधला, फोन हातात धरून लांब नेला आणि एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचलं, "ह्या माणसाला गाण्यातलं काहीही कळत नाही."

आणि फोन पुन्हा चार्जिंगला लावता लावता मालवणीत म्हणाल्या, "ह्येका कोणी सांगल्यान?"