एडनाचं लाकडी घर

१९ सप्टेंबर. पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये हेझचा, म्हणजे शेजारच्या देशातल्या जळत्या जंगलांचा, धूर शिरू नये म्हणून मी खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबत होते. त्या वासानं मी पूर्वी राहायचे ते ऑस्ट्रेलियातलं गव्हाच्या शेतांमधलं गाव आठवलं. वणवा टेकडी उतरत होता आणि आमची म्हातारी घरमालकीण एडना व्हरांड्यातून हलेना.

"हे घर माझ्या पणजोबांनी इंग्लंडहून येऊन बांधलंय."

"मग विझवायला त्यांनाच बोलवा. नाहीतर गाडीत बसा," मी म्हणाले.

शेवटी ती शिव्या देत गाडीत बसली. तेव्हा तो हट्ट मला वेडेपणा वाटला. आता वाटतं, असा हट्ट धरावा असं माझं एकही घर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं नुसतं धुराडं उभं होतं. एडना सपाता घालूनच निघाली होती. मी तिच्या मापाचे बूट विकत आणले.