बंद गिरणीतली गुरुवारची मीटिंग

कणगीतून मूठभर दाणे काढावेत नि वरचे आपोआप घसरत खाली यावेत, तसं ह्या गिरणीतल्या माणसांचं आहे. एकाची गोष्ट काढली की मागून दुसऱ्याची येते. मला लिहिता येत नाही, नात लिहून घेते. पण विसरले मात्र काही नाही.

बहात्तरचा दुष्काळ. आमचे हे खडी फोडायला जायचे नि येताना पिऊन यायचे. एक दिवस रक्त ओकले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लिव्हर गेलंय, आता दारू पोटात गेली तर माणूस हाती लागायचा नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, नेवाशात दारू सोडणारे दर गुरुवारी जमतात, तिथं न्या. कुठं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गेलो एस.टी.नं. पानवाल्याला विचारलं, पुजाऱ्याला विचारलं, कचेरीतल्या शिपायाला विचारलं. कुणाला पत्ता नाही. शेवटी हे म्हणाले, थांब, मी विचारतो. नि सरळ हातभट्टीवाल्याच्या खोपटात शिरले. पण गेले तसे कोरडे बाहेर आले. मागून भट्टीवाला हात करून दाखवत होता.

"ती बंद गिरणी. माजी निम्मी गिऱ्हाईकं तितंच बसत्यात. माजा रामराम सांगा त्यास्नी."

अख्ख्या नेवाशात खरा पत्ता एकट्या त्याच्याजवळ!

दळायला दाणाच नव्हता, म्हणून मालकानं गिरणी वापरायला दिली होती. आत पोत्यांवर पाच-सहा माणसं. सगळ्यांत जुने सखाराम टेलर. एकेकानं उठायचं, आपलं नाव सांगायचं, मी दारू पितो म्हणायचं, नि किती दिवस घेतली नाही ते सांगायचं. कुणी कुणाला उपदेश करायचा नाही. मी बघतच राहिले. आमच्याकडं माणूस फौजदारापुढं कबूल होतो, तेही मार खाल्ल्यावर. इथं आपण होऊन उठत होते!

ह्यांची पाळी आली. हे गप्प. मग मीच सुरू झाले, किती पितात, घरातलं काय काय विकलं. टेलरांनी हात जोडले.

"वहिनी, त्यांचं तोंड त्यास्नी परत द्या."

मी खाली बसले. तरी हे बोलले नाहीत. त्या गुरुवारी नाही, पुढच्या सहा गुरुवारी नाही. टेलर एकदा मला हळूच म्हणाले, जो बोलत नाही तो टिकत नाही. अशा चौघांना त्यांनी खांदा दिला होता. तेव्हापासून दर गुरुवारी मी ह्यांच्या ओठांकडं बघत बसायची.

मीटिंग उठली की कोरा चहा. सगळ्यांना भरून कप, ह्यांना अर्धाच. मला राग आला. नवा माणूस म्हणून हात आखडता? मी माझा कप ह्यांच्या कपात ओतला. ह्यांनी उचलला नि सगळा चहा धोतरावर! हात असे कापत होते. कुणी हसलं नाही. सुरुवातीला सगळ्यांनाच अर्धा कप मिळाला होता, हे मला मागाहून कळलं.

शाळेतले एक गुरुजी यायचे. कुणी ओळखू नये म्हणून तोंडापुढं छत्री धरून. आता त्या साली आभाळात ढग औषधाला नव्हता. साऱ्या गावात उघडलेली छत्री ती एकच! गुरुवारी छत्री निघाली की पोरं ओट्यावरून ओरडायची, गुरुजी मीटिंगला चालले! महिन्याभरानं त्यांनी छत्री घरी ठेवली.

नि धोंडिबा गाडीवान. ह्यानं सोडली, पण बैलांनी नाही. बारा वर्षांची सवय, भट्टी आली की बैल आपले उभे. हा खाली उतरून, भट्टीकडं पाठ करून, त्यांना ओढत न्यायचा. मीटिंगमध्ये उठून सांगायचा, "माजे एकवीस दिवस झाले. बैलांचे चार."

आठव्या गुरुवारची गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. ह्यांचे तीन दिवस फार वाईट गेले होते. अन्न जाईना, नजर सारखी भट्टीच्या वाटेला. त्यातच एस.टी. अर्ध्या वाटेत बंद पडली. हे उतरले नि चालायला लागले, मी मागं. डोक्यावर ऊन. पोचलो तेव्हा गिरणीला कुलूप. मीटिंग होऊन माणसं गेली होती.

मला वाटलं, संपलं. आता हे वळणार, नि कुठं वळणार ते मला माहीत होतं.

हे पायरीशी उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. दाराकडं तोंड करून आपलं नाव सांगितलं. ते मी घ्यायची नाही.

"मी दारू पितो. आज पन्नास दिस झाले, घेतली न्हाई."

मग थांबले. मला वाटलं, झालं. पण झालं नव्हतं.

"थोरला तापानं फणफणला हुता, तवा मी डॉक्टरला आनाया निगालो हुतो. वाटेत भट्टीवर बसलो. घरी सांगितलं, डॉक्टर गावात न्हवता."

त्याच तापात आमचा थोरला गेला होता. मी चार हातांवर उभी होते. ते त्यांना ठाऊक होतं.

मग टोपी घातली, माझ्याकडं वळले.

"चल. मीटिंग झाली."