आयसी की एनसी?

शाळेतून रिटायर झालं की माणसाला तीन गोष्टी मिळतात : पेन्शन, शाल आणि स्टाफरूमचे किस्से. पेन्शन वीस तारखेच्या आतच संपते, शाल कपाटात पडून राहते, आणि किस्से मात्र कोणी न विचारता वाढत जातात! नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या शाळेचे माझ्याकडे पोतंभर साठलेत. आज फक्त नेपाळचे सांगते.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमच्या वानखेडे बाई भूगोल शिकवायच्या. पंचवीस वर्षं त्यांनी मुलींना हिमालय शिकवला, पण स्वतः पाहिलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे चिखलदऱ्याचा. पुढच्या वर्षी रिटायर होणार होत्या. एकदा मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाल्या, "एकदा सागरमाथा, म्हणजे आपला एव्हरेस्ट, डोळ्यांनी पाहायचा आहे हो. नाहीतर इतकी वर्षं मी मुलींना नुसती ऐकीव गोष्ट सांगितली, असं होईल."

आम्हा सगळ्यांचे हात डब्यातच राहिले. बाई कधी कुणाकडे काही मागत नसत. त्याच आठवड्यात मे महिन्यातल्या काठमांडूचं ठरलं. आम्ही सहा जण : बाई, इंग्रजीचे देशकर सर, पी.टी. आणि एनसीसीचे थोटे सर, हेडक्लार्क बोकडे बाबू, शाळेच्या शिपाई गुलाबबाई आणि गणिताची मी.

०००

नेपाळात दोन्हीकडचे रुपये चालायचे. आपले ते 'आयसी', त्यांचे ते 'एनसी'. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे पंचेचाळीस. झालं! गाडी सुटल्याबरोबर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बोकडे बाबू म्हणाले, "म्याडम, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, सगळे पाढे पाठ आहेत मले. या एक पूर्णांक पंचेचाळीसचं काय करू?"

"दिडकी म्हणा आणि थोडं कमी करा."

"थोडं म्हणजे किती?" हेडक्लार्कला 'थोडं' हा शब्द सहन होत नाही. त्यांनी फुलस्केप कागद काढला आणि गोरखपूर येईपर्यंत नवा पाढा तयार केला. थोटे सरांनी त्याचं 'नेपाळकी' असं बारसं केलं. मग बोकडे बाबू सगळ्यांकडून ती घोकून घेत बसले.

शाळेची पायरी फक्त नोकरीसाठी चढलेल्या गुलाबबाईंना ती दहापर्यंत तोंडपाठ झाली. आम्हा चार पदवीधर शिक्षकांना शेवटपर्यंत आली नाही!

०००

काठमांडूच्या बाजारात थोटे सरांना फोल्डिंगची छत्री आवडली. बटण दाबलं की फट्‌कन उघडणारी. त्यांनी किंमत विचारली. दुकानदार म्हणाला, "पचपन." आणि मग नेहमीसारखं, "आयसी? एनसी?"

सरांनी टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "एनसीसी! फर्स्ट ऑफिसर थोटे! नागपूर!"

दुकानदार ताडकन उभा राहिला आणि त्याने कडक सॅल्यूट ठोकला! तो आपल्याच फौजेतून रिटायर झालेला निघाला. दोघं तासभर परेडच्या गोष्टी बोलत बसले. आम्हा सगळ्यांना चहा मिळाला, वर बिस्किटं. निघताना सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याच्याही होतं.

छत्रीचे मात्र त्याने पूर्ण पंचावन्न घेतले. एनसीत!

०००

बोकडे बाबूंचा कागदपत्रांवर फार विश्वास. कपडे दोन जोड, कागद मात्र पिशवीभर. एका दुपारी, मोठं हॉटेल आतून कसं असतं ते बघावं म्हणून आम्ही भीत भीत एका झगमगीत हॉटेलात कॉफी प्यायला शिरलो. काउंटरवरच्या टायवाल्या माणसाने बिल देताना अदबीने विचारलं, "कॅश ऑर कार्ड, सर?"

"कार्ड आहे ना!" बोकडे बाबू खूश. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी त्यांना कागद मागितला होता. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी सोडवत सोडवत रेशनकार्ड काढलं आणि समोर ठेवलं. "छह आदमी का है. इस महीने की शक्कर उठा ली, बाकी सब बाकी है!"

देशकर सर खांबाआड गेले. पण तो माणूस हसला नाही. त्याने कार्ड नीट उघडून पाहिलं, सहाही नावं वाचली आणि पुन्हा घडी घालून दोन्ही हातांनी परत दिलं. म्हणाला, "साहब, ये बहुत बड़ा कार्ड है. हमारे यहाँ छोटे वाले चलते हैं."

०००

पशुपतिनाथाच्या दारात गुलाबबाई अडून बसल्या. मुलाला आयटीआयला नंबर लागावा म्हणून त्यांनी सव्वा रुपयाचा नवस बोलला होता. प्रश्न असा की सव्वा रुपया आयसी की एनसी?

देशकर सर म्हणाले, देव नेपाळचा, तेव्हा एनसी. बोकडे बाबू म्हणाले, एनसी दिला तर नवस कमी भरेल, फरक द्यावा लागेल. कागद निघाला. मागे भाविकांची रांग लागली. शेवटी गुलाबबाईंनी पदराची गाठ सोडली. आत घरूनच आणलेला सव्वा रुपया होता.

"काहून भांडून राहिले तुमी? नवस नागपुरात बोलली. त्यानं तिथंच ऐकला ना? मंग पैसेबी तिथलेच घेईन तो!"

आम्ही गपचूप रांगेत उभे राहिलो.

०००

देशकर सरांना सवय होती : समोरचा काहीही बोलो, मान डोलवून म्हणायचं, "आय सी, आय सी." मुलींनी त्यांचं नावच 'आयसी सर' ठेवलं होतं.

सरांना बायकोसाठी शाल घ्यायची होती. दुकानदार म्हणाला, "एक सौ पैंतालीस."

सर गंभीरपणे म्हणाले, "आय सी."

"आयसी? तो फिर सौ दीजिए."

सर चाट पडले! पुढच्या दुकानात थर्मास. सांगितली किंमत, सर म्हणाले "आय सी", किंमत उतरली. सर पुढे आणि आम्ही तोंडात पदर, रुमाल कोंबून मागे. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "पाहिलंत? घासाघीस करावी लागत नाही. इंग्रजीचा दराराच वेगळा!"

इतका आनंद होता त्यांच्या चेहऱ्यावर की सगळ्यांच्याच जिवावर आलं खरं सांगणं. परत आल्यावर त्यांनी बर्डीच्या बाजारात भाजीवालीलाही म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "आय सी, आय सी काय करता सर, घ्याचं असन त घ्या!"

०००

आणि वानखेडे बाईंचा सागरमाथा? तीन दिवस रोज पहाटे उठून आम्ही काठमांडूबाहेरच्या टेकडीवर गेलो. तीनही दिवस समोर ढग. बाई स्वेटरवर शाल गुंडाळून, सगळे उठून गेले तरी बघत उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी गाइड म्हणाला, "माताजी, मे में नहीं दिखता. कार्तिक में आइए." बाई "बरं" म्हणाल्या आणि खाली उतरल्या. पुन्हा इतके पैसे कुठून येणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की मी बाईंकडे बघायचंच टाळलं.

सरहद्दीवर बोकडे बाबूंनी सगळ्यांचे उरलेले नेपाळी पैसे बदलायला गोळा केले. मोजले, कपाळाला आठ्या घातल्या. "गुलाबबाई, तुमची पाचाची एक नोट कमी भरून राहिली."

"ठेवली मी."

"तिकडं चालत नाही वं ते!"

"नाही चालू दे."

बस सुटली. बाई खिडकीशी डोकं टेकून बसल्या होत्या. गुलाबबाई उठल्या, दांड्याला धरत धरत त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि ती नोट त्यांच्या मांडीवर उलटी करून ठेवली. नोटेच्या मागच्या बाजूला दोन याक होते, आणि याकांच्या मागे बर्फाचा डोंगर.

"घ्या बाई. याच्यावर ढग नाही."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. नोट उजेडात धरली. खूप वेळ बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "कोणतं शिखर असेल हो हे, गुलाबबाई?"

"नकाशा वर्गात आणून टांगाचं काम माह्यं, बाई. शिकवाचं तुमचं!"