कोल्हारला एक नोंद

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोलाबी न्हाई — आन तिला तर मी सगळ्या गावाचे आवाज काढून दाखवतो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल आसंल. नगरला, सावेडीत एका शिक्षणसंस्थेच्या हापिसात मी कंप्युटरवर हुतो. शाळा जिल्हाभर, आन मास्तरांची यादी ज्या-त्या शाळेच्या कंप्युटरवर. ‘माहेर बेलापूर, विषय गणित’ आसं शोधायचं म्हनलं की फोनच्या तारेवरून एकेका शाळेला विचारत बसा — अर्धा तास! मी डोकं लावलं. कुठली माहिती कुठल्या शाळेत, एवढीच सूची सावेडीत ठेवली. मग फक्त त्याच शाळेला विचारायचं. साहेबांनी पाठ थोपटली. लई फुगलो मी.

कोल्हारला गणिताच्या एक बाई हुत्या, नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या. तिथल्या क्लार्क नानांनी त्यांची नोंद बंद ठेवली हुती, नावानं शोधलं तरी कुनाला दिसू नये म्हनून. पण माझी सूची बंद नोंदीबी धरायची. ठाऊक हुतं मला. सगळी सूची परत बांधायचा कंटाळा — म्हनून राहू दिलं.

एक दिवस एक मानूस आला. “मामेबहीन हाय, पत्रिका द्यायचीय. बघा की भाऊ!” नावानं शोधलं, काहीच न्हाई. मग मला चेव आला. माहेर टाकलं, विषय टाकला. दोन सेकंद. कोल्हार, एक नोंद.

नाव येत न्हाई आन सूचीत दिसतंय — म्हंजे कुनीतरी मुद्दाम लपवलंय. हे मला तिथंच कळलं न्हाई का? कळलं. तरी नाक दाबून स्टँडवरच्या माइकवानी बोललो, “नगर-मनमाड गाडी, कोल्हारला थांबंल!” पोट धरून हसला तो. गेला.

भर वर्गात त्यानं — नवराच हुता तो — बाईंचा हात फळ्यावर दाबला आन लोखंडी गजानं बोटं ठेचली. पोरांच्या दप्तरांवर रक्त उडालं.

बाईंचे भाऊ आले. नोंद एकट्या नानांनाच ठाऊक, म्हंजे फितूर तेच! शाळेच्या मैदानात लाथांनी तुडवलं त्यांना. एक डोळा गेला. साहेबांसंगं मी गेल्तो. कुंपनापाशी हुतो — धा पावलांवर. नाना मातीत तोंड खुपसून वरडत हुते, “म्या न्हाई सांगितलं रे, बाळांनो!”

मी साहेबांच्या मागं सरकलो.

दुसऱ्या दिवशी हापिसात सगळ्यांनी घेरलं — काय झालं, काय झालं? मी खाली बसलो आन नानांचा आवाज काढला. म्या न्हाई सांगितलं रे, बाळांनो.

हुबेहूब जमला. सगळे हसले.

मी परत काढून दाखवला.